रेडिंगहून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत सायकलवर फिरायचंय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्याहून रेडिंगला येऊन काही महिने झालेत, पुण्यात सिंहगड, पानशेत अशा राईड्स व्हायच्या, आता इथे शनिवार-रविवारी गावाबाहेर निवांत सायकल चालवायचीय. बायकोला रोजची सवय नाही, मुलगी ९ वर्षांची, आणि मे महिन्यात आईबाबा कोल्हापूरहून येणारेत. तर कुठले रूट घ्यावेत आणि काय काळजी घ्यावी.

मी इथे बरीच वर्षं सायकल चालवतोय, मराठी कुटुंबांचे ग्रुपही नेतो, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, मैल किती आणि शेजारी 'ईझी' लिहिलंय का 'मॉडरेट' एवढं बघून रूट निवडू नका. इंग्लंडमध्ये एखादी वाट चालवायला कशी असेल हे कळायचं असेल तर ती वाट आधी काय होती ते बघायचं. जुनी रेल्वे होती, का कालव्याच्या काठची वाट होती, का रोमन लोकांनी आखलेला रस्ता, का गावातून शेतावर जायची गाडीवाट. हे एकदा कळलं की चढ किती, रुंदी किती, चिखल होणार का, मुलीला झेपेल का, सगळं नकाशावरूनच निम्मं कळतं.

तुमच्यासाठी सुरुवात जुन्या रेल्वेपासूनच. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगर कापले, भराव घातले, बोगदे खणले, पण रूळ जमेल तितके सपाट ठेवले. आपला बोरघाट रेल्वेने १ फूट चढायला ३७ फूट जातो आणि रेल्वेच्या हिशोबात तो खडा चढ समजतात, म्हणजे अंदाज करा. सायकलवर असा चढ नवख्या माणसालाही बसल्या बसल्या जमतो, आणि इथल्या बहुतेक जुन्या लाईनी त्याहून सौम्य आहेत. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष बीचिंग यांचा अहवाल आला, त्यात सुमारे ५,००० मैलांच्या लाईनी आणि २,३०० च्या वर स्टेशनं बंद करायची शिफारस होती. बरंच बंद झालंही. रूळ उचलले, पण भराव, पूल, बोगदे तिथेच राहिले. मग १९७७ मध्ये ब्रिस्टलला काही सायकलप्रेमींनी एक गट काढला, तोच पुढे सस्ट्रान्स नावाने ओळखला गेला, आणि त्यांनी १९७९ पासून ब्रिस्टल ते बाथ ही बंद पडलेली लाईन स्वयंसेवकांच्या हातांनी सायकलसाठी तयार करायला घेतली. १९८६ पर्यंत सगळी १३ मैल झाली. आज देशभर जे नॅशनल सायकल नेटवर्क आहे त्याची सुरुवात इथली आहे.

तुमची पहिली राईड हीच करा. रेडिंगहून बाथला थेट गाडी आहे, बाथला उतरून नदीकाठाने वाट पकडायची आणि ब्रिस्टलला जाऊन टेम्पल मीड्स स्टेशनवरून परत. साधारण निम्म्यावर बिटन स्टेशन लागतं, तिथे जुनी वाफेची गाडी अजून जपून ठेवलीय, ठरलेल्या दिवशी चालतेही, आणि चहा-केक मिळतो, मुलीचा अर्धा तास तिथे आरामात जातो. पुढे स्टेपल हिलचा बोगदा येतो, साधारण ४७० मीटरचा, आत दिवे आहेत. सगळी वाट डांबरी. फक्त ब्रिस्टलच्या जवळ ऑफिसला जाणारे लोक वेगात येतात, म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा की डावीकडे राहायचं आणि थांबायचं असेल तर वाटेच्या बाहेर जाऊन थांबायचं.

दुसरी राईड पण बाथलाच. टू टनेल्स नावाची १३ मैलांची गोल फेरी आहे आणि ती मला स्वतःला इतकी आवडते की पाहुणे आले की मी तिथेच नेतो. जुन्या सॉमरसेट अँड डॉरसेट लाईनचे दोन बोगदे २०१३ मध्ये उघडले, त्यातला कूम डाऊनचा बोगदा १,६७२ मीटर आहे, म्हणजे मैलाच्या वर! बाहेर जुलैचं ऊन असलं तरी आत गारठा असतो, जॅकेट हाताशी ठेवा. मध्यावर दिव्यांची आणि संगीताची एक रचना आहे, अंधारात ते सूर कानावर येतात तेव्हा लहान मुलं एकदम गप्प होतात. ही लाईन एकेरी होती आणि बोगदा अरुंद, धूर बाहेर जायला वाव नाही, १९२९ मध्ये आत धुराने इंजिनावरची माणसं बेशुद्ध पडली आणि मालगाडी उतारावरून सुसाट जाऊन बाथच्या यार्डात आदळली, तीन माणसं गेली. बाथकडून त्या बोगद्यांकडे चढताना १ ला ५० असा चढ आहे, तुमच्या पायांना तो जेमतेम जाणवेल, पण त्या इंजिनांना काय वाटत असेल ते तिथे चालवताना समजतं. बोगद्यांच्या पलीकडे मिडफर्डच्या बाजूने थोडा भाग साध्या रस्त्यावरून जातो आणि मग डंडास ॲक्विडक्टजवळ कालवा भेटतो. नदीच्या वरून दगडी पुलावर कालवा नेलाय, वर बोटी चाललेल्या आणि खाली नदी! तिथून कालव्याकाठाने परत बाथ.

आता कालव्याकाठची वाट, म्हणजे टोपाथ. हा केनेट अँड एव्हन कालवा तुमच्या रेडिंगमधूनच निघतो. १८१० मध्ये पूर्ण झाला, पुढे रेल्वेमुळे पार मोडकळीला आला आणि लोकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केल्यावर १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा सुरू झाला. बोटी घोडे ओढायचे, ती घोड्यांची वाट म्हणजे टोपाथ, म्हणून ती सपाट आहे पण घोड्यापुरतीच रुंद. जुन्या पुलांखालून जाताना कधी थांबून दगडाच्या कोपऱ्यावर हात फिरवून बघा, दोरांनी घासून घासून खोल खाचा पडल्यात, आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठाला पोहऱ्याच्या दोराने पडतात तशाच. त्याच कोपऱ्यावर समोरचं काही दिसत नाही, म्हणून पुलाआधी वेग कमी आणि घंटी दोनदा. टोपाथवर पायी चालणाऱ्याचा मान पहिला. बोटी बांधलेल्या असतात तिथे दोर आणि खुंट्या वाटेच्या अगदी कडेला येतात. आणि मुलगी पाण्याच्या बाजूला नको, तुम्ही मागे, बायको पुढे, मुलगी मध्ये, असं जा.

घराजवळची सोय म्हणजे रेडिंग ते न्यूबरी. नॅशनल सायकल नेटवर्कचा रूट नंबर ४ कालव्याला धरून जातो आणि रेल्वेलाईन शेजारूनच जाते, थील, ऑल्डरमॅस्टन, मिजम, थॅचम अशी स्टेशनं लागत राहतात, मुलगी दमली की जे स्टेशन येईल तिथे गाडीत बसायचं. मोठ्या पावसानंतर मात्र काही तुकड्यांत इतका चिखल होतो की नवख्यांची चाकं घसरतात, तो बेत एप्रिल ते सप्टेंबर ठेवा. याच कालव्यावर पुढे डिव्हायझेस गावाला एका रांगेत चढत जाणारी केन हिलची लॉक्स, म्हणजे पाणी भरून बोट वर चढवणारे दरवाज्यांचे हौद, बघण्यासारखी आहेत, सगळी मिळून २९, दोन मैलांत बोट ७२ मीटर वर चढते. पण डिव्हायझेसला आता रेल्वे स्टेशन नाहीये, लोक तिथवर जातात आणि परत कसं यायचं हा प्रश्न पडतो. बाथकडून गेलात तर ब्रॅडफर्ड ऑन एव्हनलाच थांबा, जुनं सुंदर गाव आहे, स्टेशन गावातच आहे.

रोमन रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही. नकाशावर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ दिसली आणि तिला ए रोडचा, म्हणजे मोठ्या हमरस्त्याचा, नंबर असला की टाळायचं. कॉट्सवोल्ड्समध्ये फॉस वे म्हणजे ए४२९ तसा आहे, वळण नाही म्हणून गाड्या सुसाट येतात, गावं त्याच्या आजूबाजूला आहेत म्हणून लोक चुकून त्याच्यावरच येतात.

आता खरा गाभा. इंग्लंडची खेडी सायकलवर बघायची तर शेवटी लेन्सवर यावंच लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं असलेले, एका गाडीपुरते, वळणावळणाचे छोटे रस्ते. हे कोणी आखलेले नाहीत, शतकानुशतकं माणसं, गुरं आणि गाड्या जाऊन जाऊन झालेत, काही ठिकाणी तर जमीन झिजून रस्ता शेतापेक्षा माणूसभर खाली गेलाय. त्यामुळे ते शेताच्या बांधाला धरून वळतात आणि टेकडी आली की सरळ वर चढतात. ओएस म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशावर, गुलाबी कव्हरचा लँडरेंजर असो किंवा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर, हे रस्ते पिवळे दिसतात. त्यातले बारीक पिवळे आपले. त्यावर बाणासारखी एक खूण असली तर १४ ते २० टक्के चढ, दोन असल्या तर २० टक्क्यांच्या वर, आणि बाणाचं टोक उताराकडे असतं.

इथे पुण्याच्या माणसाला एक गोष्ट नवी वाटते. आपले घाट लांब आणि एका लयीत असतात, एकदा दम लागला की तो धरून तासभर चढता येतं. इथले चढ तीन-चारशे मीटरचे पण उभे, उतरलो की लगेच पुढचा, दिवसभर हेच. सिंहगड चढणारा माणूस डेव्हनमध्ये दुपारपर्यंत गळून जातो हे मी पाहिलंय. सायकल घेताना गिअरचं मागचं सगळ्यात मोठं दातेरी चाक ३२ किंवा ३४ दात्यांचं तरी बघा, पेडलजवळचं पुढचं लहान दातेरी चाकही जितकं लहान मिळेल तितकं चांगलं. टायर ३२ ते ३८ मिमी, आणि मडगार्ड घ्याच, पुण्यात कोणी लावत नाही पण इथे मागून येणाऱ्याच्या तोंडावर शेण-चिखल उडतो. कंपनीत सायकल टू वर्क स्कीम असेल तर त्यातून घ्या, टॅक्स वाचतो.

सपाट लेन्स हव्या असतील तर पूर्वेला नॉरफोक, सफोक, चढ नाहीत पण वारा अडवायला काहीच नाही. तुम्हाला जवळ म्हणजे कॉट्सवोल्ड्स, रेडिंगहून ऑक्सफर्डमार्गे किंगहॅमला गाडी जाते. स्टेशनातून निघालं की मैलभरात ब्लेडिंग्टन, मोठं हिरवं मैदान आणि भोवती मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं, तिथून छोट्या रस्त्यांनी लोअर आणि अप्पर स्लॉटर. बोर्टन-ऑन-द-वॉटर बघायचंच असेल तर सकाळी ९ च्या आत, नंतर तिथे बस भरून लोक येतात आणि सायकल ठेवायला जागा राहत नाही. स्टो-ऑन-द-वोल्ड टेकडीच्या माथ्यावर आहे, कुठूनही गेलात तरी चढ आहेच, त्यामुळे तो बेत मुलीला थोडी सवय झाल्यावर.

लेनवर चालवायची पद्धत. डावीकडूनच चालवायचं, ते आपल्यासारखंच, पण कडेला चिकटून नाही. सामसूम अरुंद रस्त्यावर मध्यभागी चालवा, हायवे कोड, म्हणजे इथली वाहतुकीची सरकारी नियमावली, तिच्या २०२२ च्या बदलांत तसंच सांगितलंय, कारण वळणावर समोरच्याला तुम्ही लवकर दिसता. मागून गाडी आली की जागा मिळेल तिथे थांबून जाऊ द्यायचं, हात वर करायचा, तोही करतो. एक लक्षात ठेवा, रस्ता कितीही अरुंद असला तरी वेगळा बोर्ड नसेल तर गावाबाहेर गाडीला ६० मैलांची वेगमर्यादा असते, म्हणून आंधळ्या वळणावर तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जायचं नाही. घोडेस्वार दिसले तर लांबूनच मोठ्याने 'हॅलो' म्हणायचं, घंटी नाही, घंटीने घोडा बिचकतो पण माणसाचा आवाज ओळखतो, मग उजवीकडून भरपूर अंतर ठेवून सावकाश पुढे. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेला लोखंडी बारांचा कॅटल ग्रिड आला की अगदी सरळ, ब्रेक न लावता. ओला असेल तर मुलीला उतरवा.

काटे! सप्टेंबरपासून शेतकरी रस्त्याकडेची कुंपणझुडपं मशीनने छाटतात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांमुळे छाटायला बंदी असते, म्हणून सगळं काम शरद आणि हिवाळ्यात येतं. हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर विखुरतात, काळे, बारीक, सुईसारखे, ट्यूबमध्ये जातात आणि पंक्चर काढताना टायरमध्ये तसेच राहतात कारण दिसत नाहीत. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं अगदी हळू, पूर्ण गोल फिरवा, टोक लागलं की बाहेरून चिमट्याने ओढून काढा. नाहीतर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. लेनवर ताज्या छाटलेल्या फांद्यांचा चुरा दिसला की मी सरळ उतरून सायकल उचलून नेतो.

एक्सप्लोरर नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघांचं पण सांगतो. इथे फूटपाथ म्हणजे शेता-रानातून जाणारी पायवाट, तिच्यावर सायकल चालवायची नाही, तिथल्या पाटीवर पिवळा बाण असतो. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथे १९६८ च्या कायद्याने सायकलला परवानगी आहे पण चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. जांभळा आणि लाल बाण असला तरी आपल्याला चालतं. फाटक जसं असेल तसं ठेवून जायचं, बंद असेल तर बंद. आणि ब्रायडलवे म्हणजे चांगली वाट असं समजू नका, काही जानेवारीत नांगरलेल्या शेतासारखे असतात. फोनवरचे साधे मॅप्स सायकलचा रस्ता म्हणून नेमके तिथे घुसवतात किंवा ए रोडला नेऊन सोडतात, त्यापेक्षा सायकल.ट्रॅव्हल (cycle.travel) ही वेबसाईट वापरा, शांत रस्ते शोधायला मला त्याच्याइतकं चांगलं दुसरं सापडलं नाही. नकाशा ऑफलाईन ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. आणि निळ्या बोर्डवर लाल चौकटीत नंबर दिसला म्हणजे गाड्या नाहीतच असं नसतं, नॅशनल नेटवर्कचा बराच भाग साध्या रस्त्यावरूनच जातो.

तुम्हाला एकट्याला दिवस मिळाला तर रिजवे करा. गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशन रेडिंगहून जवळच आहे, तिथून पश्चिमेला खडूच्या डोंगरधारेवरून प्राचीन वाट जाते, त्या बाजूच्या भागात सायकलला परवानगी आहे, पूर्वेकडच्या भागात बऱ्याच ठिकाणी नाही. धारेवर पाणी लवकर निचरतं म्हणूनच लोक हजारो वर्षं वरून चालले. अफिंग्टनला हिरव्या टेकडीवर पांढऱ्या खडूचा घोडा कोरलाय, ११० मीटर लांब आणि सुमारे ३,००० वर्षं जुना, गावकरी दर पिढीला घासून-भरून तो जिवंत ठेवत आलेत. ओला खडू साबणासारखा असतो आणि गारगोटीच्या कडा टायर कापतात, त्यामुळे चार-पाच कोरडे दिवस गेल्यावरच जा, आणि पाणी भरपूर घ्या, वर नळ फार थोडे आहेत.

वारा इथे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. जाता-येता त्याच वाटेने असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या, परत येताना दमल्यावर पाठीवर मिळेल. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाईटहेवनहून निघून पूर्व किनाऱ्याला जाणारा सी टू सी हा सायकल रूट, साधारण १४० मैलांचा, लोक याच कारणाने पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात, निघताना मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं नॉर्थ सी मध्ये. तीन-चार दिवसांत होतो, मध्ये हार्टसाईडचा ५८० मीटर उंचीचा माथा आहे. पुढच्या वर्षी मनात ठेवा.

रेल्वेचं बघा. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना सायकलसाठी आधी आरक्षण लागतं, पैसे पडत नाहीत पण जागा दोन-तीनच असतात, तिघांच्या तीन सायकली म्हणजे आधीच करा. रविवारी रुळांचं काम आहे का ते आदल्या रात्री तपासा, काम असेल तर बदली बस लावतात आणि बसमध्ये साधारणपणे सायकल घेत नाहीत.

खायचं म्हणाल तर गावातल्या पबचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दुपारी २-२:३० ला बंद होतं, छोट्या गावात दुकानही नसतं. शाकाहारी असाल तर जॅकेट पोटॅटो आणि बीन्स मिळतात, पण मी अजूनही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवतो, दोन दिवस टिकतात आणि दप्तरात सांडत नाहीत. पाऊस आलाच तर गावच्या चर्चच्या दाराशी छप्पर आणि बाक असतो, तिथे थांबा, कोणी हरकत घेत नाही.

आता आईबाबा. मे महिना अगदी योग्य, हॉथॉर्न पांढराशुभ्र फुललेला असतो, पहिल्या पंधरवड्यात जंगलात ब्लूबेल्स मिळतात, संध्याकाळी ९ पर्यंत उजेड. त्यांना घेऊन गाडीने डर्बीशायरला जा आणि मॉन्सल ट्रेल करा, ८.५ मैलांची जुनी रेल्वे. ही लाईन १८६० च्या दशकात या दरीतून नेली तेव्हा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी दरी नासली म्हणून कडाडून टीका केली होती, आज त्याच लाईनच्या हेडस्टोन व्हायाडक्टवर, म्हणजे दरीवरच्या उंच पुलावर, उभं राहून लोक दरीचे फोटो काढतात. १९६८ ला लाईन बंद झाली, बोगदे २०११ मध्ये उघडले, त्याआधी बोगदा आला की पायवाटेने वळसा घालावा लागायचा. हॅसॉप स्टेशनला पार्किंग, कॅफे आणि भाड्याच्या सायकली तिन्ही आहेत, वाट सपाट आणि रुंद आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनाही चालता येते. मॉन्सल हेडवरून उतरून ट्रेलवर जाऊ नका, ती पायवाट उभी आहे. तुम्ही तिघं बोगद्यांपर्यंत जाऊन या, आईबाबा हॅसॉपहून जमेल तेवढं चालून कॅफेत बसतील. बोगद्यांतले दिवे अंधार पडला की बंद होतात, म्हणून परतायची वेळ जरा आधीची धरा आणि प्रत्येकाच्या सायकलला छोटा दिवा असू द्या. दुसऱ्या दिवशी थांबणार असाल तर पार्सली हेहून टिसिंग्टन ट्रेल घ्या. शेजारच्या हाय पीक ट्रेलवर मात्र क्रॉमफर्डच्या टोकाला मुलीला नेऊ नका, ती १८३० च्या सुमाराची रेल्वे, तिथे डबे स्थिर इंजिनाने दोराला बांधून उतारावरून ओढायचे आणि मिडलटनचा तो उतार १ ला ८ आहे, मिडलटन टॉपला थांबून जुनं इंजिनघर बघा आणि तिथूनच मागे वळा.